वाण क्रमांक चार, चव कडवट

३ नोव्हेंबर

अक्का,

या पत्राबरोबर चार क्रेट आहेत, ते बघून दचकू नकोस. आमच्या भाजीपाला संशोधन केंद्राची गाडी दर आठवड्याला तुमच्या रुग्णालयावरूनच शहरातल्या प्रयोगशाळेत जाते. ड्रायव्हर चांगला माणूस आहे, फक्त बोलतो फार. तो क्रेट उतरवून देईल आणि तुझं उत्तर घेऊन येईल. फोनवर हे काम व्हायचं नाही. तू फोनवर "हो, बरं, ठेवते" एवढंच बोलतेस आणि मला लेखी हवंय.

क्रेटमध्ये फ्लॉवर आहे. एकात पांढरा, दुसऱ्यात पोपटी, तिसऱ्यात जांभळा, चौथ्यात नारिंगी. चिठ्ठ्या लावल्या आहेत, वाण एक ते चार. तू नेहमीसारखा शिजवायचा, स्वतः खायचा आणि कसा लागला ते तुझ्या शब्दांत लिहायचं. आमच्याकडे वजनाचे, घट्टपणाचे, पानांच्या लांबीचे तक्ते आहेत. रोज दीडशे आजारी माणसांना जेवू घालणारी बाई मात्र आमच्याकडे नाही.

घरातल्या सगळ्यांना अजून वाटतं की मी इथे झाडांना पाणी घालतो. तू तरी तसं समजू नकोस.

तुझा चुलत भाऊ,
टिल्लू
(एक्कावन्न वर्षांचा झालो तरी सही हीच करतो. खरं नाव लिहिलं तर तू म्हणशील, हा कोण.)


६ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझ्या वाण क्रमांक तीनने माझी चारचौघांत शोभा केली.

जांभळा फ्लॉवर बघून मी खूश झाले होते, ते आधी सांगते. रंग इतका देखणा की चिरायला जीव होईना. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, तुरे सोडले, झाकण घातलं. दहा मिनिटांनी उघडलं तर पाण्यात कुणी शाईची दौत उपडी केल्यासारखं झालेलं, आणि तुरे राखेत लोळवून काढल्यासारखे निळे-करडे. नेमक्या त्याच वेळी आमच्या आहारतज्ज्ञ बाई आत आल्या. पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "हे पेशंटना देणार आहात?" मी सगळं ओतून दिलं.

आता खरं सांग. रंग मारता का तुम्ही भाज्यांना? माझ्याकडे टाके ओले असलेली माणसं जेवतात.

तू वाचलास तो एका म्हाताऱ्या रंगाऱ्यामुळे. बारा नंबरच्या खाटेवर आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय. सगळा जन्म कापडं रंगवण्यात गेला. शाईच्या पाण्याची बातमी वॉर्डात पोचलीच होती. त्यांनी कपभर पाणी मागवून घेतलं, रुमालाचा कोपरा बुडवला, उजेडात धरला. मग एक कच्चा तुरा मागितला आणि नखाने उभा चिरला. म्हणाले, "रंग कच्चा आहे, बाई. पण वरून लावलेला नाही. वरून लावलेला असा सालीत मुरत नाही." नारिंगीचं पाणी मागवलं तर ते जवळजवळ स्वच्छच. त्यावर म्हणाले, "हा पक्का."

त्यांचा शब्द मी तूर्त मानते. तुझा यायचाय.

अक्का


८ नोव्हेंबर

अक्का,

रंगाऱ्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यावर जे ओळखलं ते शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

रंग कुणी मारलेला नाही. जांभळ्या फ्लॉवरमध्ये जे रंगद्रव्य असतं तेच काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि लाल कोबीत असतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून उकळलंस की निघून जातं. तो वाफव नाहीतर भाज, आणि थोडा वेळच. कच्चा चिरून लिंबू पिळलंस तर गुलाबीकडे झुकेल, बघ. नारिंगीत गाजरातलं द्रव्य असतं. ते पाण्यात जात नाही, तेला-तुपात जातं, म्हणून तुझं पाणी स्वच्छ राहिलं. शरीरालाही ते घ्यायला थोडी स्निग्धता लागते, तेव्हा त्या ताटात चमचाभर लोणी असू दे. पोपटी म्हणजे पालेभाजीचाच हिरवा रंग, गड्ड्यापर्यंत चढलेला.

गंमत पांढऱ्याची आहे. तो पांढरा असतो कारण त्याची पानं त्याला झाकून ठेवतात. ऊन लागलं की पिवळा पडतो. शेतकरी पानं बांधून ठेवतात ती त्यासाठी. रंगीत वाणांना हे लाड लागत नाहीत.

पण अक्का, तू दोन पानं लिहिलीस आणि चवीबद्दल एक ओळ नाही. तेवढीच मला हवी होती. यावेळी प्रत्येकाची चव वेगळी लिही. गोड, उग्र, तुरट, जे वाटेल ते. जिभेवर आधी काय येतं, मागे काय उरतं, तेसुद्धा.

टिल्लू


१५ नोव्हेंबर

टिल्लू,

लिंबाचा प्रयोग केला. ताट घेऊन वॉर्डात गेले आणि रंगाऱ्यांच्या समोर पिळलं. तुरे डोळ्यांदेखत गुलाबी व्हायला लागले. चार खाटा सोडून एक मास्तरीणबाई आहेत, ज्या आठवडाभर जेवणाकडे पाठ करून झोपत होत्या. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "इकडे आणा बघू." दोन तुरे खाल्ले. आहारतज्ज्ञ बाईंनी वहीत लिहून घेतलं.

आता तुझी चव. चारही वाफवले, नुसतं मीठ घातलं आणि सगळी गडबड आटपल्यावर खिडकीशी बसून सावकाश खाल्ले.

पांढरा: आपला नेहमीचा. सुरुवातीला काहीच नाही, मग हलका उग्रपणा, कोबीच्या भावकीतला आहे हे सांगणारा. दांडा शिजला तरी आब राखून असतो.

पोपटी: गोडसर. उग्रपणा जवळजवळ नाही. तुरा मऊ, चमच्याने दाबला की भुगा होतो. दात नसलेल्यांना हाच देणार.

जांभळा: कच्चा जास्त चांगला. ओल्या शेंगदाण्यासारखा लागतो, मागे किंचित तुरट. सुरीखाली कडक वाजतो.

नारिंगी: लोण्यासारखा. गोडवा जिभेच्या कडेला येतो आणि रेंगाळतो. दोनदा घेतला, दुसऱ्यांदा कामासाठी नाही.

तिसाव्या वर्षापासून मी या स्वयंपाकघरात आहे. "मीठ कमी आहे" आणि "मीठ जास्त आहे" या दोन वाक्यांपलीकडे मला चवीबद्दल कुणी काही विचारलेलं नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, हे सांगून टाकते. घरात शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाला वाटलं की अक्काला विचारावं.

आता तू सांग, तुला कुठला आवडतो? आणि आहारतज्ज्ञ बाई विचारतात, सगळ्यात पौष्टिक कुठला?

अक्का


१९ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र टेबलावर समोर ठेवून काम करतोय. "जिभेच्या कडेला येतो आणि रेंगाळतो" हे आमच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, म्हणून नवा रकाना काढला.

बाईंना सांग, "सगळ्यात पौष्टिक" असा एक नाही. चोथा आणि उष्मांक चारहींत साधारण सारखेच. सी जीवनसत्त्व चारहींत भरपूर, पोपट्यात थोडं जास्त निघतं. नारिंगीची कमाई अ जीवनसत्त्वाची, पांढऱ्यात ते नसल्यासारखंच असतं, यात कितीतरी पटींनी. जांभळ्यातलं रंगद्रव्य शरीरातल्या झिजेला आवर घालतं असं म्हणतात, पण किती, यावर अजून अभ्यास चालू आहेत, आणि तू ते पहिल्या खेपेला मोरीत ओतलंस. रंग बदलला म्हणून फ्लॉवरचं औषध होत नाही. पांढरा खाणारा काही उपाशी राहत नाही.

मला कुठला आवडतो हे विचारू नकोस. चार नंबर माझा आहे. नारिंगी रंगाचे गड्डे आधी विस्कटलेले यायचे, ते घट्ट यावेत म्हणून सहा वर्षं घालवली आहेत. बापाला पोरगं कसं दिसतं हे विचारून काय कळणार? म्हणून तर तुझं मत हवं.

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या केंद्रप्रमुख बाई ठरवणार की कुठले वाण बियाण्यासाठी ठेवायचे आणि कुठले मोडायचे. चवीचा अहवाल माझ्याकडे आहे. तेव्हा दुसरी फेरी: पुन्हा चारही, शिजवून आणि कच्चे, आणि दोन दिवस शीतपेटीत ठेवल्यावर.

टिल्लू


२९ नोव्हेंबर

टिल्लू,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं.

आधी मजेचं सांगते. रंगारी म्हणाले, "आंबटाने गुलाबी झाला, तर खाराने काय होईल?" त्यांच्या धंद्यात तसं असतं म्हणे. मग मंगळवारी सकाळी जांभळ्या फ्लॉवरच्या पाण्यात खायचा सोडा टाकला. पाणी आधी निळं झालं, मग हिरवं. रंगारी खाटेवर टेकून बसलेले, मास्तरीणबाई काठी घेऊन आलेल्या, नर्सबाई दारात. रंगारी म्हणाले, "एका भाजीत तीन रंग. आम्ही तीन पिंपं लावायचो." ऑपरेशननंतर ते त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून उठून उभे राहिले, हिरवं पाणी जवळून बघायला.

आता चव. एक, दोन, तीन मागच्यासारखेच. शीतपेटीत पोपटी जरा मलूल पडला, पांढऱ्याला कडेने पिवळसर झाक आली, जांभळा जसाच्या तसा.

चार नंबर वाईट लागला. कडवट, आणि मागे साबण चाटल्यासारखं. तुरेही गळून लगदा झाले. मी दोनदा चाखला, मग कच्चा आणि शीतपेटीतला चाखायचं मनच झालं नाही. मदतनीस बाईंना दिला, त्यांनीही तोंड वाकडं केलं. मागच्या खेपेस इतका आवडला होता, म्हणून लिहायला जड जातंय. पण तू माझं मत मागितलंस, गोड बोलणं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

अक्का


२ डिसेंबर

अक्का,

वाईट कशाला वाटेल. तू लिहिलंस तसंच नोंदवलं.

या खेपेला क्रेट तीनच आहेत.

टिल्लू


९ डिसेंबर, दुपारी बारा

टिल्लू,

तुला चार वेळा फोन केला. तुझा फोन कुठल्या खणात पडलाय कोण जाणे. ऑफिसातल्या माणसाने "निरोप देतो" म्हटलं, पण त्याच्या आवाजावरून तो देईल असं वाटत नाही. म्हणून ड्रायव्हरला शहराकडे न जाऊ देता हे पत्र देऊन उलट पाठवतेय. त्याला बोलणी बसली तर माझं नाव सांग.

चार नंबरमध्ये काही खोट नाही. खोट माझ्या पातेल्यात होती.

झालं असं. आज सकाळी शीतपेटी धुवायला काढली, तळाशी चार नंबरचा एक गड्डा निघाला, जवळजवळ तीन आठवड्यांचा. फेकायच्या आधी सवयीने दोन तुरे वाफवले. लोण्यासारखा, पहिल्या दिवसासारखा. तिथेच उभी राहिले आणि तो मंगळवार आठवत गेले. सोड्याचं हिरवं पाणी अर्धं पातेलं उरलं होतं. वॉर्डातून परत आले तेव्हा घाई होती. ते ओतलं आणि पातेलं नीट न विसळता त्यातच नारिंगी उकळायला टाकला. सोड्याने भाजीचा लगदा होतो आणि चव साबणासारखी होते, हे मला अठराव्या वर्षी माझ्या सासूने शिकवलं होतं. मी मात्र तुझ्या वाणाला नावं ठेवली.

आणि आता ड्रायव्हर सांगतोय की चार नंबरच्या ओळी मोडायचा हुकूम निघालाय, आजच नांगर फिरणार. अहवालात काय लिहिलंय तेही त्याने ऑफिसच्या फळ्यावर वाचलंय: "वाण क्रमांक चार, चव कडवट, साबणासारखी." हे माझे शब्द आहेत, टिल्लू. शब्दन् शब्द.

सहा वर्षांचं काम. माझ्या एका पत्रावर कसं मोडलंस? रानात उभा होता तो, तू एक तुरा तोडून तोंडात टाकला नाहीस? मी सगळी पत्रं आता काढून बसले आहे. चार पत्रांत तू मला पंचवीस गोष्टी सांगितल्यास, पण तुला काय कसं लागलं हे एकदाही नाही. विचारलं तेव्हा विषय बदललास. ड्रायव्हर म्हणतो, साहेब डब्यात काहीही असलं तरी एकाच तोंडाने खातात, एकदा आंबलेली भाजी संपवली.

काय झालंय तुला? खरं लिही. पण आधी नांगर थांबव.

अक्का


१० डिसेंबर

अक्का,

तुझं पत्र काल दुपारी अडीचला पोचलं. नांगर दोन वाजता सुरू झाला होता. मी ऑफिसातून धावत गेलो. या वयात आणि या पोटाने धावणं म्हणजे काय ते तूच समज. ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभा राहिलो. चालवणाऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. अकरा ओळी होत्या. सात गेल्या, चार उरल्या.

आता दुसरं. ऑगस्टमध्ये मला ताप आला होता, आठवतं? सगळ्यांना सांगितलं की बरा झालो. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला आणि पाठोपाठ चव. मीठ कळतं, तेही जास्त असलं तर. बाकी सगळा ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, महिन्याने, वर्षाने, सांगता येत नाही.

मी कुणाला बोललो नाही. केंद्रात चव बघणारा माणूस मीच. पंचवीस वर्षं ओळीतून चालत, तुरा तोडून चावत, हा ठेवा आणि तो काढा, असं सांगत आलो. चव गेली म्हटल्यावर मला रानातून उचलून टेबलाशी बसवतील असं वाटलं. म्हणून तुला क्रेट पाठवले आणि तुझं मत माझं म्हणून लिहीत गेलो.

चार नंबर मी चाखला होता, अक्का. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी. तीन गड्डे तोडले. कच्चा खाल्ला, उकडून खाल्ला, मीठ लावून, न लावता. काहीच नाही. तिथे बांधावर बसून विचार केला की अक्का खोटं लिहिणार नाही आणि माझी जीभ काही बोलणार नाही. मग तुझंच लिहिलं. आपल्या वाणाची बाजू घेतो म्हणून कुणी बोट दाखवू नये, हेही मनात होतं.

काल ट्रॅक्टर थांबवल्यावर तसाच चिखलाच्या बुटांनी केंद्रप्रमुख बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे शब्द कुणाचे?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचे. त्या म्हणाल्या, "मग अहवाल रद्द. पुन्हा चाखणी होईल, रीतसर, सात जणांकडून. त्या बहिणीला बोलवा. तुम्ही त्या खोलीत असणार नाही."

येशील?

टिल्लू


१४ डिसेंबर

टिल्लू,

तुझ्या तापाचं वाचून वाईट वाटलं. ते खरंच आहे, आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की ते मला दिसलंच नाही.

मी महिनाभर फुशारून फिरत होते. आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं, आमचा भाऊ शास्त्रज्ञ आहे, तो माझं मत घेतो. संध्याकाळी खिडकीशी बसून शब्द शोधत होते, "रेंगाळतो" लिहावं की "टिकतो". तुला माझं मत नको होतं, तुला जीभ हवी होती. ती कुणाचीही चालली असती, आणि त्या जिभेखाली सही तुझी.

येईन मी. सात ओळी माझ्या पातेल्याने घालवल्या आहेत, तेवढ्यासाठी येईन. दोन अटी. जुन्या अहवालांत जिथे जिथे माझे शब्द आहेत तिथे "रुग्णालयाच्या मुख्य स्वयंपाकीणबाई" असं लिहायचं. आणि सोड्याची चूकही लिहायची, झाकायची नाही.

अक्का


२० डिसेंबर

अक्का,

दोन्ही अटी पुऱ्या केल्या. सोड्याचा परिच्छेद केंद्रप्रमुख बाईंनी मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, असा अहवाल मी अजून बघितला नव्हता.

जीभ कुणाचीही चालली असती असं तू लिहिलंस. नसती चालली. ऑफिसात सात-आठ जिभा आहेत. त्यांना दिलं असतं तर सगळे "छान आहे, साहेब" म्हणाले असते. तू लहानपणी माझ्या आईला भर पंगतीत सांगितलं होतंस की काकू, आज करपलंय. त्या घरात ते म्हणणारी तू एकटी होतीस. मला कुणाचं ऐकायचं हे ठरवताना दुसरं नाव मनात आलंच नाही. पण तुला खरं कारण न सांगता विचारलं, ती चूक माझी आहे. त्याला सबब नाही.

बायकोला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मला सप्टेंबरपासून माहीत आहे." नासक्या दुधाचा चहा मी चवीने प्यायलो होतो म्हणे. तेव्हापासून माझ्या पुढ्यात येणारं सगळं ती आधी हुंगून बघते. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

तीन जानेवारीला, सकाळी दहाला. गाडी तुला घ्यायला येईल. ड्रायव्हरला सांगितलंय की चाखणाऱ्या माणसाशी वाटेत फार बोलायचं नाही.

टिल्लू


६ जानेवारी

टिल्लू,

तू बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतास, तेव्हा आत काय चाललं होतं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. निकाल सांगितला असेल. मी सगळं सांगते.

आम्हा सात जणांना वेगवेगळ्या खुराड्यांत बसवलं. खोलीत लाल दिवा. लाल उजेडात चारही रंग एकसारखे मातकट दिसतात, हे मला माहीत नव्हतं. वाट्यांवर फक्त खुणा. मीठ नाही, लोणी नाही. प्यायला कोमट पाणी. मी मनात म्हटलं, यात काय अवघड आहे, महिनाभर हेच तर खाल्लंय.

पोपटी लगेच ओळखला, तो जिभेने दाबल्यावर विरघळतो. जांभळा कच्चा दिला होता, तो दाताखाली वाजला म्हणून कळला. उरल्या दोन वाट्या. मी एक घास घेतला, मग दुसरीतला. पुन्हा पहिलीतला. पाणी प्यायले, डोळे मिटले, पुन्हा खाल्लं. टिल्लू, मला कळेना. लोणी कुठे गेलं, रेंगाळणारा गोडवा कुठे गेला? दोन्ही मऊ, दोन्ही किंचित गोड, एकात उग्रपणा थोडा कमी असावा, पण शपथेवर सांगता येईना. केंद्रप्रमुख बाई वही घेऊन समोर. म्हणाल्या, "घाई नाही." मी म्हटलं, "मला यातला नारिंगी ओळखता येत नाही."

मला कानकोंडं झालं. वाटलं, टिल्लूने एवढं नाव सांगितलं आणि मी हे असं केलं. मग बाकीच्यांचे कागद वाचले. सातांपैकी पाच जणांना ओळखता आला नव्हता. बाईंनी विचारलं, "मग तुम्ही आधी लोण्यासारखा का लिहिलात?" मी विचार केला आणि खरं वाटलं ते सांगितलं. लोण्याचा रंग दिसत होता म्हणून. निम्मं मी डोळ्यांनी खाल्लं होतं.

त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं. एक तरुण साहेब म्हणाले, "म्हणजे चार नंबरला स्वतःची चवच नाही. पांढऱ्यासारखाच लागत असेल तर ठेवायचा कशाला?" त्यावर मी बोलले. मला बोलायला सांगितलं नव्हतं, पण बोलले. म्हटलं, साहेब, माझ्याकडे माणसं आजारी असतात. नवी चव म्हटली की ती ताट सरकवतात. जे नेहमीसारखं लागतं ते मुकाट्याने खातात. एखादी भाजी पांढऱ्यासारखीच लागते, तेवढीच पोटात जाते आणि वर गाजराचं काम करते, तर स्वयंपाकघराला याहून काय हवं? पांढऱ्यासारखा लागतो हीच त्याची बाजू आहे.

पुढचं तुला माहीत आहे. पोपटी आणि जांभळा पुढे गेले. चार नंबर आणखी एक वर्ष, कारण चार ओळींचं बी थोडंच येणार. मला वाटलं होतं तू नाराज होशील. व्हरांड्यात तू मला काय विचारलंस? निकाल नाही. "लाल दिव्यात खरंच कळत नाही?" असं विचारलंस. मग आपण दोघं ताटं घेऊन पुन्हा त्या खोलीत गेलो आणि तू दिवा लावत-मालवत माझं तोंड बघत बसलास, एखाद्या पोरासारखा. गाडीत बसल्यावर मला आठवलं की मी तुझ्यावर रागावले होते.

रंगारी काल घरी गेले, स्वतःच्या पायांनी. जाताना त्यांना लाल दिव्याचं सांगितलं. म्हणाले, "आम्ही म्हणूनच दिव्याखाली कापड विकत नसू."

अक्का


३० जानेवारी

अक्का,

आधी कामाचं. मला रानातून उचललेलं नाही. चवीचा अहवाल आता सात जण करतात, तू त्यातली एक, महिन्यातून एकदा गाडी येईल. मी आता कानाने काम करायला शिकतोय. तुरा मोडताना वेगवेगळा वाजतो, तू जांभळ्याबद्दल लिहिलं होतंस ते डोक्यात राहिलं. मोडल्याचा आवाज आणि तुम्हा सातांची चव यांचा काही मेळ बसतो का ते बघतोय. आतापर्यंत बसत नाही. पण सोडवत नाही.

आणि काल सकाळचं. बायकोने फ्लॉवर उकडायला ठेवला आणि फोनवर बोलत बसली, साधा पांढराच. तो फार वेळ उकळला. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि नाकाला पदर लावून खिडक्या उघडायला लागली. "काय घाण सुटलीय, सगळ्या घरात भरली."

मी उठून आत गेलो. पातेल्यावर वाकलो. आधी नुसती वाफ. मग खूप लांबून, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं काहीतरी आलं. कुजका, गंधकासारखा, आपला फ्लॉवर जास्त शिजल्यावर येतो तोच. मी हललो नाही. बायको म्हणाली, "अहो, सरका, टाकून देते ते." मी म्हटलं, थांब.

दोन मिनिटं असेल. मग गेला. संध्याकाळी मुद्दाम पुन्हा उकळून बघितलं, आला नाही. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. तुला आधी लिहितोय.

सकाळी मी थांब म्हटलं तोवर तिने तीन खिडक्या उघडल्या होत्या. मी एकेक करून लावून घेतल्या.

टिल्लू